ऐंशी जुड्या

आडगाव नाक्याहून अंबडला जायचं म्हणजे
आठ वीसच्या आत द्वारका ओलांडलेली बरी.
डिकीत जेवणाचा डबा, बाराही महिने रेनकोट,
आणि चकल्यांचा जुना स्टीलचा डबा,
झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं: सौ. इंदुमती द. गायधनी.
आत गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी,
हातमोज्यांच्या तीन जोड्या, सलाइनची बाटली.
आणि कात्री, असली तर.
लोक मागून नेतात, पार्सलची सुतळी कापतात, विसरतात.

स्टोअरमधला थेटे मला डॉक्टरीणबाई म्हणतो.
पत्र्यानं त्याचाच अंगठा चिरला तेव्हा
काही म्हणाला नाही,
कॅलेंडरकडे बघत राहिला.

मी खरं तर रक्त बघून बसणारी बाई.
कँटीनमध्ये दोन तासांचं शिबिर झालं,
रबरी बाहुल्याची छाती आळीपाळीनं दाबली,
हसलो, वडे खाल्ले.
शिकवायला आलेला मुलगा वही मिटताना म्हणाला,
गाडी येईपर्यंतची दहा मिनिटं कुणाचीच नसतात.
ते वाक्य माझ्या मागे बसून घरी आलं.
रात्री भांडी घासताना उतरलं नव्हतं अजून.

बहुतेक दिवस डबा उघडतच नाही.
उघडला तर किरकोळ: शाळकरी पोराचं ढोपर,
मिसळीच्या गाड्यावरच्या पोऱ्याचा भाजलेला हात
(पाणी, नुसतं पाणी, हळद नको, टूथपेस्ट नको,
मी ओरडले, मालक त्याहून ओरडला),
एकदा कुत्रीचा पाय. ती मला चावायला आली.
तिच्या जागी मीही आले असते.

मग डिसेंबरातली ती सकाळ.
धुकं असं, की पुलाचे खांब वर जाऊन संपतच नव्हते.
अमृतधामच्या चौफुलीवर एक एम-एटी आडवी,
रस्ताभर मेथी,
आणि मेथीत साठीचा माणूस, मांडी उघडी पडलेली.
भोवती मोबाइल उंच धरलेले हात.
ताई, पोलीस केस होते, हात लावू नका.
लावला.
गॉजवर गॉज, त्यावर दोन्ही तळवे,
त्यावर माझं सगळं वजन,
ज्याची मला जन्मभर लाज वाटत आलेली.

त्याचे डोळे मिटायला लागले.
बाबा, नाव काय तुमचं?
तो म्हणाला, जुड्या मोजा. ऐंशी आहेत.

कुरिअरवाल्या एका पोरानं बाइक आडवी लावली,
मागची वाहनं थोपवली,
आणि न सांगता जुड्या उचलून दुभाजकाशी रचू लागला.
त्यानं एक ठेवली की मी आकडा म्हणायचा,
बाबांनी माझ्यामागून.
एकोणीसला ते थांबले. मी पुन्हा एकोणीस म्हटलं.
वीस, म्हणाले, रागानं.
त्रेपन्नला एकशेआठ आली.

दुपारी सिव्हिलला फोन केला.
नातेवाईक का? नाव काय पेशंटचं?
माझ्याकडे फक्त आकडा होता.

दर रविवारी डबा पालथा करते,
मलमावरची तारीख बघते, गॉज मोजते,
आणि उगाच पुढे मोजत जाते, चोपन्न, पंचावन्न.
मुलगी विचारते, आई, एवढं गॉज कुठंय?

परवा द्वारकेच्या सिग्नलला शेजारी तोच पोरगा.
त्यानं आधी ओळखलं. पाठीवरच्या बॅगेवर थाप मारली:
माझ्याकडं पण ठेवलंय आता. कात्र्या दोन आहेत, एक घ्या.
मी म्हटलं, त्या दिवशी पुढे मोजल्यास का रे?
मोजल्या ना. बाबांच्या भावाच्या टेम्पोत भरून दिल्या.
अठ्ठ्याहत्तर भरल्या, मॅडम.
आणि सिग्नल सुटला,
मागून हॉर्न, हातात कात्री,
दोन जुड्या कुणीतरी घरी नेलेल्या.